शेवटचं कलम

आमच्या घरी सासू-सुनेचं म्हणावं असं भांडण एकदाच झालं, आणि ते अमेरिकेतल्या एका राज्याच्या कायद्यावरून झालं. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी तेव्हा अजिबात हसत नव्हते.

२०१२ साल होतं. सिंगापूरच्या चोआ चू कांग भागात एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, एका ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर आम्ही राहायचो: मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आई म्हणते. नवरा बँकेत आणि मी हार्बरफ्रंटला, नकाशांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहानशा कंपनीत. खिडकीखालून एलआरटी नावाच्या लोकल गाडीचा उंच रूळ जायचा. ही छोटी गाडी लोकांच्या घरांजवळून जायला लागली की आपल्या काचा आपोआप धुरकट करून घेते, उतारूंनी कुणाच्या घरात डोकावू नये म्हणून. आईंना तिचं फार कौतुक. "गाडीला मर्यादा आहे हो इथल्या," असं त्या रोह्याच्या बहिणीला फोनवर सांगायच्या.

माझं काम सांगायला सोपं होतं आणि करायला डोकं पिकवणारं. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की कुठल्या राज्याला काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, किती जागा ते ठरतं. मग त्या राज्याचं विधिमंडळ कायदा करून राज्याचे तेवढे मतदारसंघ पाडतं. मला वाटायचं, या कायद्याला एक छान रंगीत नकाशा जोडलेला असेल. कसला नकाशा! आमच्याकडे आलेला कायदा म्हणजे साठ-सत्तर पानं नुसते शब्द आणि आकडे. पहिला मतदारसंघ: अमुक काउंटी पूर्ण, तमुक काउंटी पूर्ण, आणि ढमुक काउंटीतले जनगणनेचे पुढील तुकडे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. तुकडा म्हणजे चार रस्त्यांच्या किंवा रस्ता आणि ओढ्याच्या मधली जागा, जिला जनगणनेने नंबर दिलेला असतो. त्यापुढे पानंच्या पानं नंबर. तुकड्यात तीनशे माणसं असोत नाहीतर एकही नसो, नंबर लिहायचाच, कारण जमीन आहे म्हटल्यावर ती कुठल्या तरी मतदारसंघात असायलाच हवी. मक्याचं रान, दफनभूमी, विमानतळाची धावपट्टी, सगळ्यांना आपापला प्रतिनिधी होता.

हे सगळं वाचून संगणकाला कळेल असा नकाशा करायचा आणि तो तपासायचा. प्रत्येक तुकडा एका आणि एकाच मतदारसंघात आला पाहिजे. मतदारसंघ सलग पाहिजे, म्हणजे बाहेर पाऊल न टाकता या टोकाकडून त्या टोकाला जाता आलं पाहिजे. आणि सगळीकडे माणसं सारखी पाहिजेत. सारखी म्हणजे आपल्याकडचं "असतील साधारण" नव्हे. फरक फार तर एका माणसाचा. मला हे मनापासून आवडलं. मी हॉटेलातल्या मेन्यूकार्डावरची चूकसुद्धा पेनने दुरुस्त करून येणारी बाई आहे. माझ्यासारखीच्या हाती असा कायदा पडणं म्हणजे उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आयती समोर येणं.

एकच गोष्ट खटकली. एका मतदारसंघाला लांब मान फुटली होती. महामार्गाच्या कडेकडेने ती मैल-दोन मैल जायची आणि टोकाला एका टुमदार वस्तीला मिठी मारून थांबायची. मी माझ्या बॉसला दाखवलं. बॉस इथलीच, पन्नाशीची चिनी बाई. मोजकं बोलायची, वाक्याच्या शेवटी इथल्या पद्धतीने 'ला' लावायची आणि बोलताना बहुतेक वेळा काहीतरी खात असायची.

"तिथे कुणाचं तरी घर असेल ला," ती म्हणाली.

मला संताप आला. एका पुढाऱ्याच्या घरासाठी रेषा वाकवायची? ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे मला ठाऊक होतं. पण पारध्याने निदान सशाला वेडावाकडा तरी करू नये. बॉस म्हणाली, तुझं काम रेषा बघण्याचं आहे, ओढण्याचं नाही. मग तिने मला अर्धा करीपफ दिला, इथली बटाट्याची करंजी.

पुढच्या आठवड्यात मला कायद्यात चूक सापडली. नदीतलं एक वाळूचं बेट, लोकवस्ती शून्य, कुठल्याच मतदारसंघात लिहिलेलं नव्हतं. एवढ्या मोठ्या विधिमंडळाने वाचून, मतं घेऊन, गव्हर्नरची सही घेऊन मंजूर केलेल्या कायद्यातली चूक, आणि ती सापडली कुणाला, तर हार्बरफ्रंटला बसलेल्या एका पुणेकरणीला. मी जवळजवळ धावतच बॉसच्या टेबलाशी गेले.

"शेवटचं पान वाचलंस?" तिने विचारलं.

वाचलं नव्हतं. शेवटची पानं कोण वाचतं? त्या पानावर एक छोटं कलम होतं. अर्थ असा: या कायद्यात एखादी जागा चुकून लिहायची राहिली असेल, तर ती तिला लागून असलेल्या मतदारसंघात धरावी, आणि असे एकाहून जास्त मतदारसंघ लागून असतील, तर त्यांतल्या सर्वांत कमी लोकसंख्येच्या मतदारसंघात धरावी. म्हणजे आपण चुकणार, काहीतरी राहणार, हे कायदा करणाऱ्यांनी आधीच कबूल करून ठेवलं होतं. माझा फुगा फुटला, पण त्या कलमाच्या मी प्रेमात पडले.

त्या संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांना ते कलम समजावून सांगितलं. नवरा "वा" म्हणाला आणि त्याने आमटी वाढून घेतली. मुलीने ऐकलंच नाही. आई मात्र घास हातात धरून ऐकत होत्या. त्या रायगड जिल्ह्यातल्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका, आणि शिक्षिका म्हटल्यावर जनगणनेचं काम ओघानेच आलं. दोन जनगणनांमध्ये त्यांनी वाड्या-वस्त्या पायी फिरून दारांवर नंबर घातले होते.

"आम्हाला नाही हो असं कलम दिलं कुणी," त्या म्हणाल्या. "आमच्याकडून एखादं घर राहिलं तर परत डोंगर चढून जायचं."

आता गणपतीकडे येते. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांचा एक गट होता. नोंदणी वगैरे काही नाही, पण दरवर्षी हॉल घेऊन पाच दिवस गणपती बसवायचा, हे ठरलेलं. घरं वाढत वाढत दोनशेच्या आसपास गेली आणि कुरकुर सुरू झाली. प्रसाद नेहमी तेच चौघे करतात, आरतीचं ताट नेहमी त्यांच्याच हातात. मग अध्यक्षांनी तोडगा काढला. अध्यक्ष बिशानच्या एका कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहणारे, इथले नागरिक झालेले, अत्यंत गोड बोलणारे. सिंगापूर बेटाचे पाच विभाग करायचे, एकेका विभागाला एकेक दिवस द्यायचा, आणि त्या दिवशीचा प्रसाद, आरती, कार्यक्रम सगळं त्याच विभागातल्या घरांनी करायचं. दुसऱ्या विभागाची मदत घ्यायची नाही, नाहीतर पुन्हा तेच चौघे घुसणार.

"तुमचा तर व्यवसायच आहे हा," अध्यक्ष मला फोनवर म्हणाले. मी वरकरणी आढेवेढे घेतले. आतून मला गुदगुल्या होत होत्या.

मी एक फॉर्म तयार करून सगळ्यांना ईमेलने पाठवला: कुटुंबाचं नाव, माणसं किती, पिनकोड. सिंगापूरला प्रत्येक इमारतीचा स्वतःचा पिनकोड असतो, सहा आकडी, त्यामुळे हे माझ्या अमेरिकन तुकड्यांसारखंच झालं. एकशे एक्याण्णव घरांचे फॉर्म आले. उशीर करणाऱ्यांना मी तीन-तीनदा ईमेल केली, एका गृहस्थांना तर त्यांच्या ऑफिसात फोन केला. मग विभाग पाडले. चार विभागांत अडतीस घरं आणि एकात एकोणचाळीस. फरक एका घराचा. त्यासाठी मला चोआ चू कांग मधोमध कापावं लागलं, एलआरटीच्या रुळावरून: रुळाच्या अलीकडे चौथा विभाग, एकोणचाळीस घरांचा, आणि पलीकडे पाचवा, अडतीसांचा. शेवटी पिनकोडांच्या याद्या आणि नऊ नियम असं तीन पानी पत्रक झालं. नववा नियम मी हौसेने घातला. तो त्या शेवटच्या कलमाचा शब्दशः मराठी अनुवाद होता. कुणाला कधी लागणार नव्हता, पण पत्रकाला वजन आलं.

पत्रकाचा कच्चा मसुदा जेवणाच्या टेबलावर पडला होता. आईंनी तो भिंगाखाली धरून दोन दिवस वाचला. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले असताना त्या दाराशी आल्या.

"अगं, समोरचा तो एक ब्लॉक अलीकडे घेशील का? चौथ्यात?"

समोरच्या ब्लॉकमध्ये नागपूरच्या काकू राहायच्या, मुलगा-सुनेकडे. रूळ ओलांडला की त्यांचं दार. त्या ब्लॉकमध्ये मराठी घर तेवढं एकच. आई आणि काकू यांची मैत्री मोदकांवर जमलेली होती. आईंची उकड अप्रतिम. इथल्या सुपरमार्केटातलं थाई तांदळाचं पीठ घेऊनही त्या अशी मऊसूत उकड काढायच्या की हाताला चिकटायची नाही आणि तडकायचीही नाही. पण त्यांचा उजवा अंगठा संधिवाताने धरलेला, त्यामुळे कळ्या पाडता यायच्या नाहीत. काकूंचं उलट. त्यांच्याकडे तळणीचे मोदक, उकडीशी त्यांचा संबंध सिंगापूरला आल्यावर आला. त्यांनी काढलेली उकड एकतर चिखल व्हायची नाहीतर खडू. पण करंजीला मुरड घालून घालून बोटांत अशी नजाकत आलेली की एकेका मोदकाला एकवीस कळ्या पडायच्या, मोजून. चार वर्षं गणपतीला दोघी मिळून मोदक करत होत्या. दोघींचा मिळून एक सुगरण माणूस व्हायचा.

आणि माझ्या नकाशाने त्या सुगरणीच्या मधून रूळ नेला होता. चौथ्या विभागाचा दिवस वेगळा, पाचव्याचा वेगळा, आणि मदत घ्यायची नाही.

मी काय म्हणावं? आज आठवलं तरी मला माझाच राग येतो. मी चपला घालता घालता त्यांना व्याख्यान दिलं. म्हटलं, आई, तो ब्लॉक अलीकडे घेतला तर चौथ्यात चाळीस घरं होतात आणि पाचव्यात सदतीस. सगळं बिघडतं. आणि आज तुमच्या मैत्रिणीसाठी रेषा हलवली तर उद्या प्रत्येक जण आपली मैत्रीण घेऊन येईल. त्या अमेरिकन लोकांनी एका घरासाठी मान काढली म्हणून मी नावं ठेवते, आणि घरच्या घरी मीच तसं करू?

"मी काही खासदारकी मागत नाहीये," आई म्हणाल्या.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असेल. तू म्हणतेस तर असेल." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतरची शांतता सासू-सुनांना समजावून सांगायला नको. आवाज कुणाचाच चढला नाही. त्यांनी पोळ्या केल्या, मी भाजी केली. त्या मला "तुला अजून भात वाढू का" म्हणायच्या आणि मी "नको, पुरे" म्हणायचे. दोघी इतक्या अदबीने वागत होतो की नवरा घाबरला. त्याने एकदा "नकाशात थोडं इकडेतिकडे..." एवढंच म्हटलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि तो कपडे इस्त्री करायला निघून गेला. स्वतःहून, आणि माझेसुद्धा.

मी पत्रक अध्यक्षांना पाठवून दिलं. अध्यक्षांनी ते सगळ्यांना पाठवलं. रविवारी बिशानला बैठक, मंजुरी, झालं.

शनिवारी सकाळी मी मुलीची वेणी घालत होते. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी सो सॅड, ला."

"मोदकांवरून रुसलीय ती. होईल ठीक."

"नो, ममा. बिकॉज काकूआजी इज गोइंग बॅक. फॉर गुड. यू डोन्ट नो मेह?"

मला ठाऊक नव्हतं. काकूंच्या मुलाची नोकरी बंगळूरला हलत होती. गणपतीनंतर सगळं घर उचलून जाणार होते. म्हणजे दोघींचे मिळून मोदक हे शेवटचेच. आई दाराशी हे मनात घेऊन उभ्या होत्या, आणि मी त्यांना चाळीस आणि सदतीस सांगत बसले. त्यांनी मैत्रिणीच्या जाण्याचं भांडवल केलं नाही. नुसतं विचारलं, आणि मी तत्त्व काढलं. माझ्या हातून वेणी जोरात ओढली गेली. मुलगी "आऊच" म्हणाली आणि तिने स्वतःच रबर लावलं.

मी लॅपटॉप उघडून बसले. दीड तास. काकूंचा ब्लॉक अलीकडे घेतला, दुसरे दोन पलीकडे ढकलले, तर पाचवा विभाग तुटायला लागला. ते जोडले तर तिसऱ्याला मान फुटली. मान बघून मलाच कसंतरी झालं. आणि पत्रक तर सगळ्यांकडे गेलेलं. आता बदललं तर लोक विचारणार कशासाठी, आणि खरं उत्तर एकच होतं, माझ्या सासूसाठी. मी लॅपटॉप मिटला. आईंना जाऊन म्हटलं, "काकूंचं मला आता कळलं. आधी सांगायचं ना." त्या नारळ सोलत होत्या. "असू दे," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी अध्यक्षांच्या कॉन्डोच्या खालच्या हॉलमध्ये साठएक माणसं जमली. बाहेर पोहण्याच्या तलावात मुलं ओरडत होती, आत चिवडा आणि कॉफी. आई म्हणाल्या, मीही येते. नागपूरच्या काकूही आल्या आणि दोघी पहिल्या रांगेत शेजारीशेजारी बसल्या. मी पडद्यावर नकाशा दाखवला. लोकांनी कौतुक केलं. एक सीए गृहस्थ, जे प्रत्येक बैठकीत काहीतरी काढायचेच, त्यांनी प्रत्येक विभागाची बेरीज फोनवर करून पाहिली आणि त्यांनाही काही सापडलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "मंजूर असेल तर हात वर करा." सगळे हात वर गेले. आईंचाही गेला.

बाकीचे खाली आले, आईंचा वरच राहिला.

"मला एक शंका आहे," त्या उभ्या राहून म्हणाल्या, वर्गात बोलतात तशा स्पष्ट आवाजात. "हा पिनकोड कुठल्या विभागात आहे?" आणि त्यांनी सहा आकडे म्हणून दाखवले.

आकडे ओळखीचे वाटले. वाटणारच. आमच्याच ब्लॉकचे होते.

मी याद्या चाळल्या. चौथ्या विभागात नव्हता. पाचव्यात नव्हता. पहिल्या तीनमध्ये असण्याचं कारणच नव्हतं, तरी बघितलं. कुठेच नव्हता. आमच्या ब्लॉकमध्ये आमच्याखेरीज मराठी घर नव्हतं, आणि फॉर्म मीच तयार केला होता, मीच सगळ्यांना पाठवला होता, न भरणाऱ्यांच्या मागे मीच लागले होते. स्वतःचा मात्र भरलाच नव्हता. नदी ओलांडल्यावर दहा जण एकमेकांना मोजतात आणि प्रत्येकाला नऊच सापडतात, ती गोष्ट मी मुलीला कितीदा सांगितली असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

सीए गृहस्थ खुर्चीत सरसावून बसले. त्यांचा दिवस सार्थकी लागला होता.

"त्यात काय," ते म्हणाले, "टाका चौथ्यात. रुळाच्या अलीकडेच तर राहता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही मान डोलावणार होते. एक ओळ वाढवायची आणि विषय संपवायचा. तेवढ्यात आई म्हणाल्या, "टाका कसं? आत्ताच हात वर करून मंजूर झालंय ना? मग नियमाप्रमाणे व्हायला हवं." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नववा वाच."

मी नववा नियम वाचला. मीच लिहिलेला, पण आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "या यादीत एखादा पिनकोड नजरचुकीने राहून गेल्यास तो त्यास लागून असलेल्या विभागात धरावा. असे एकाहून अधिक विभाग असल्यास त्यांतील सर्वांत कमी कुटुंबांच्या विभागात धरावा."

आमचा ब्लॉक रुळाला खेटून. एका बाजूला चौथा, रूळ ओलांडला की पाचवा. चौथ्यात एकोणचाळीस, पाचव्यात अडतीस.

"म्हणजे आमचं घर पाचव्यात," मी म्हटलं.

"मुद्दाम सोडलं होतं की काय?" सीए गृहस्थांनी विचारलं.

"मुद्दाम चूक करायला मला आजवर जमलेलं नाही," मी म्हटलं. "विसरले. स्वतःचंच घर मोजायला विसरले. चूक माझी आहे, पण नियम स्वच्छ आहे."

त्यांनी फोन काढला, बेरीज केली, नकाशातला रूळ बोटाने तपासला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आता चौथा एकोणचाळीस, पाचवा एकोणचाळीस. फरक तरीही एकाचाच." मग हळूच म्हणाले, "चांगला आहे हो नियम." मग सगळे हसायला लागले, आणि माझ्यावर हसत होते हे कळत असूनही मला इतका आनंद झाला की मीही हसले. काकूंनी आईंच्या मांडीवर थाप मारली.

"काय करून ठेवलं वं तुमच्या सुनेनं," त्या म्हणाल्या. "स्वतःचंच घर भुलली."

"हुशार आहे," आई म्हणाल्या. "फक्त शिरगणती कधी केली नाही तिने. आम्हाला पहिल्या दिवशी सांगायचे, पहिला नंबर आपल्या दारावर घाला आणि मग गावात जा."

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आम्ही दोघी शेजारी बसलो. बिशान मागे पडलं. मी विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?"

"पहिल्याच दिवशी. मसुदा टेबलावर होता तेव्हा."

"म्हणजे काकूंचा ब्लॉक मागायला आलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. म्हटलं आधी सरळ विचारून बघावं."

"आणि मी नाही म्हटल्यावर सांगितलं का नाही?"

आईंनी पर्समधून आवळा सुपारी काढली, मला दिली, एक स्वतः घेतली. "सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस," त्या म्हणाल्या.

खरं होतं. त्याच दिवशी, बिनचूक, चौथ्यात टाकलं असतं. मी त्यांचा दुखरा अंगठा हातात घेतला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. तोंडाने "चुकलं माझं" असंही म्हटलं, कारण अशा गोष्टी नुसत्या हात धरून भागत नाहीत.

पाचव्या विभागाच्या दिवशी काकूंच्या स्वयंपाकघरात एकशे एकवीस मोदक झाले. बाहेरच्या खोलीत खोकी रचलेली होती, चमचेही अर्धे बांधून झाले होते. मार्केटातल्या अंकलने मशीनवर ताजा नारळ खवून दिला होता. आई परातीत उकड मळून गोळे करून देत होत्या, काकू कळ्या पाडत होत्या, मी केळीचं पान लावून मोदकपात्रात ठेवत होते. दोघी जाण्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. थाई पिठाबद्दल बोलल्या, नागपूरच्या उन्हाबद्दल बोलल्या, माझ्या विसरण्याबद्दल तर पुन्हा पुन्हा बोलल्या. शेवटचा गोळा उरला तेव्हा काकूंनी तो आईंच्या तळहातावर ठेवला. "हा तुम्ही करा."

"माझा अंगठा..."

"होऊ द्या वाकडा. बाप्पा काऊन नाव ठेवील?"

आईंनी सात कळ्या पाडल्या. मोदक एका बाजूला झुकला होता. काकूंनी तो प्रसादाच्या ताटात मधोमध ठेवला.

पुढच्या वर्षी घरं बदलली, नकाशा पुन्हा करायचा होता. पहिला फॉर्म मी आमचा भरला. याद्या जुळवत असताना आई चहा घेऊन शेजारी येऊन बसल्या आणि भिंग लावून पाचवा विभाग वाचायला लागल्या. एका आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हा काकूंचा ब्लॉक. इथे तर आता आपलं कुणीच नाही. काढायचा राहिला वाटतं."

"राहिला नाही," मी म्हटलं. "ठेवलाय. माणसं नसली तरी जागा कुठल्या तरी विभागात असावी लागते. कायदाच आहे तसा."

त्यांनी बोट पुढच्या रकान्यात नेलं. तिथे मी लिहिलं होतं: कुटुंबं, शून्य. त्यांनी ते दोनदा वाचलं, भिंग पुसलं, आणि खिडकीतून समोरच्या ब्लॉककडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. राहू दे तिथेच."